आमच्या रांगेचं चायनीज सूप

किस्से जमवायला फार काही लागत नाही. स्वतःला हुशार समजणारी एक बाई लागते आणि तिच्या हुशारीवर विश्वास ठेवणाऱ्या दोन-तीन शेजारणी लागतात. मग किस्से आपोआप घडत जातात, आणि सांगणाऱ्या त्यांना दर वर्षी तिखट-मीठ लावत जातात. आमच्या क्वार्टर्सच्या रांगेत ती हुशार बाई मी होते. अजूनही आम्ही जुन्या शेजारणी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात भेटतो. आजकाल लग्नात सूपचा काउंटर असतोच. तो दिसला की त्यांच्यातली बेबी मला कोपर मारते आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसत सुटतो. यजमानांना वाटतं, सुपात काहीतरी पडलं असावं. ते बिचारे वाकून बघून येतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात सरकारी क्वार्टर्सची एक रांग, चार घरं, पुढे लांबलचक व्हरांडा आणि प्रत्येक घरात एक-दोन लहान मुलं. मी होम सायन्सची पदवीधर. 'बालकांचे पोषण' या विषयात मला पहिला वर्ग होता, आणि ही गोष्ट रांगेतल्या सगळ्यांना, दूधवाल्यासकट, माहीत होती. कारण मीच ती सांगितली होती.

आणि जेवत नव्हती ती नेमकी माझी मुलगी!

मिनी तेव्हा साडेतीन वर्षांची. गोवर येऊन गेला आणि तिची भूक गेली ती परत येईना. ज्यांच्या आयांनी पोषणाचं एक पुस्तक उघडलं नव्हतं, ती बाकीच्या घरांतली मुलं गोलमटोल. आमच्या मिनीचा फ्रॉक मात्र दोरीवर वाळत घातल्यासारखा तिच्या अंगावर लोंबायचा.  शेजारणी नुसत्या माझ्याकडे बघत आणि मग मिनीकडे बघत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, माझ्या सासूबाई गावाहून, खाप्याहून आल्या. नातीसाठी लाकडी बैल घेऊन आल्या. सगळी मुलं आपापले बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागत फिरली. मिनीनं दोन घरांपर्यंत बैल ओढला आणि मग ती बैलावरच बसून राहिली. सासूबाईंनी तिला उचलून घरात आणलं. बाजारात वांगं दाबून बघतात तसा तिचा दंड दोन बोटांनी दाबून बघितला आणि माझ्याकडे न बघता निकाल दिला.

"सूनबाई, दिवाळीपावतर पोरगी अंगानं भरली तं ठीक. नाई तं मी नेतो तिले खाप्याले. भरल्यावर आनून देईन."

हे म्हणाले, "अगं आई, डॉक्टर म्हणाले हळूहळू खाईल ती."

"तोच तं म्हनतो मी. हळूहळू माह्याजवळ खाईल."

मला पहिला वर्ग आहे, हे त्या वेळी मी त्यांना सांगितलं नाही. त्या स्वयंपाकघरातून बाहेर गेल्यावर मला रडूच कोसळलं. मिनी गेली तर घरात काय उरणार होतं? एक प्रमाणपत्र आणि एक प्रेशर कुकर. त्यातलं प्रमाणपत्र तर काही उपयोगाचं नाही हे सिद्ध झालंच होतं. उरला कुकर.

* * *

सीताबर्डीवर एका हॉलमध्ये पाककृतीचा क्लास लागला होता. बाहेर फळा होता: 'मुलांसाठी पौष्टिक चायनीज सूप, प्रेशर कुकरमध्ये'. तो फळा खास माझ्यासाठी लिहिलाय असं मला वाटलं. मी शेजारच्या बेबीला बरोबर घेतलं. बेबी काटोलकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिला सूप नको होतं, तिला बर्डी फिरायची होती.

शिकवणाऱ्या बाई कलकत्त्याला राहून आल्या होत्या. त्या आम्हाला 'गर्ल्स' म्हणायच्या. आमच्यातल्या निम्म्या 'गर्ल्स'ना सुना आलेल्या होत्या. बाईंनी सुरुवातच अशी केली, "चिनी मुलं कधी आजारी पडत नाहीत. तुमच्यापैकी कुणी आजारी चिनी मूल बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. धडधाकटही कुणी बघितलं नव्हतं, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर मान डोलवून डोलवून दुखवून घेतली. मग बाईंनी कोबी चिरला, गाजर चिरलं, फरसबी चिरली, आलं टाकलं, पाणी ओतलं आणि कुकरचं झाकण लावलं. नंतर झाकण काढून कॉर्नफ्लॉवर कालवून घातलं, सोया सॉस घातला आणि हात पुसले.

बेबीनं हात वर केला. "बाई, फोडणी केव्हा द्याची याले?"

"फोडणी नाही."

"मंग वरून तर्री?"

"तेलच नाही."

बेबीनं मान लांब करून कुकरात बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, आपन जाऊ चला. बाईच्या घरचं तेल सरलेलं दिसते." मी तिला चिमटा काढून बसवलं. बाईंनी सगळ्यांना चमच्या-चमच्यानं चव दिली. मी डोळे मिटून "वा" म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते कोमट पाण्यात भाज्या विसरून गेल्यासारखं लागलं होतं. पण पदवीधर बाईनं असं म्हणायचं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

* * *

सोया सॉसची बाटली मिळवायला आम्ही दोघींनी अर्धी बर्डी पालथी घातली. एका दुकानदारानं तर मला नीट न्याहाळून विचारलं, "बाई, हे खायचं आहे की लावायचं?" शेवटी एका बेकरीच्या मागच्या फळीवर धूळ खात बसलेली बाटली सापडली. ती मी रुमालात गुंडाळून घरी आणली.

आता शिकवणाऱ्या बाईंनी कॉर्नफ्लॉवर शेवटी, झाकण उघडल्यावर घालायला सांगितलं होतं. पण मी होम सायन्सवाली. मी विचार केला, पुन्हा झाकण कशाला उघडायचं? उघडलं की वाफ जाणार, वाफेबरोबर पोषण जाणार. म्हणून मी सगळं एकदमच घातलं. पाणी, भाज्या, कॉर्नफ्लॉवर, सोया सॉस. पोषण जास्त व्हावं म्हणून कुकर काठोकाठ भरला. झाकण लावलं आणि बेबीला आणि रांगेतल्या मुलांना घेऊन व्हरांड्यात येऊन बसले.

बराच वेळ झाला तरी आत सामसूम.

बेबी म्हणाली, "वहिनी, शिट्टी काहून नाई होऊन राहिली?"

मी शांतपणे सांगितलं, "चायनीज पदार्थ आहे. त्याला घाई चालत नाही."

त्यानंतर आतून जो आवाज झाला तो कोपऱ्यावरच्या घरातल्या देशकर काकांना रेडिओच्या बातम्या चालू असताना ऐकू गेला. कुकरचा वॉल्व उडाला होता. आम्ही आत गेलो तेव्हा सूप छतावर होतं, भिंतीवर होतं, देवाच्या कॅलेंडरवर होतं. कुकरमध्ये तेवढं नव्हतं. कोबीचा एक तुकडा छताला चिकटला होता आणि आम्ही बघत असताना तो सावकाश सुटून बेबीच्या अंबाड्यावर पडला.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले, त्यांनी वर बघितलं आणि सायकलची किल्ली खुंटीला लावत म्हणाले, "आज वरच वाढलं वाटते."

मिनी मात्र कितीतरी दिवसांनी खदखदून हसली होती. टाळ्या वाजवून म्हणत होती, "आई, पुन्हा कर." तिला हसताना बघून माझा सगळा राग गेला. पण हसून पोट भरत नाही, आणि त्या रात्रीही ती दोन घास खाऊन उठली. छतावरचे डाग सरकारी रंगकामाची वाट बघत तिथेच राहिले. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा वर बघायचा आणि मी विषय बदलायची.

* * *

वॉल्व बदलून आणला आणि मी मनाशी ठरवलं की एकटी मुलगी खात नाही, चार मुलांबरोबर खाईल. म्हणून रांगेत पाळी लावली. आज एका घरी सूप, उद्या दुसऱ्या घरी. मुलांनी आपापली वाटी घेऊन व्हरांड्यात बसायचं. ह्यांनी त्याला 'सूप मंडळ' असं नाव दिलं आणि मला अध्यक्ष केलं.

पहिलाच विरोध देशकर काकांचा. काका रिटायर्ड, रेडिओवरच्या बातम्या ते नुसत्या ऐकत नसत, त्यांना उत्तरंही देत. त्यांचा नातू वाटी घेऊन निघालेला बघून ते व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

"बासष्ट साली या लोकांनी आपल्यावर चढाई केली. अन् तुम्ही माह्या नातवाले त्यांचं सूप पाजून राहिल्या?"

मी म्हटलं, "काका, हे पौष्टिक आहे."

"तेही पौष्टिकच खाऊन आले होते."

यावर होम सायन्समध्ये काही उत्तर नव्हतं. नातवाची वाटी परत गेली. काकांनी बहिष्कार जाहीर केला आणि तो त्यांनी बरेच दिवस पाळला. मग हवा पालटली आणि काकांना असा खोकला झाला की रेडिओला उत्तर देणंही बंद पडलं. त्या दिवशी पाळी माझी होती. आलं आणि मिरीचा वास त्यांच्यापर्यंत गेला असावा. काका शाल गुंडाळून आले आणि दाराबाहेर उभं राहून विचारू लागले.

"यात काय काय हाय?"

"आलं, मिरी, कोबी, गाजर."

"हे तं सारं आपलंच हाय."

"हो काका."

"मंग नाव त्यांचं काहून?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी गुपचूप वाटी पुढे केली. काकांनी ती दोन्ही हातांत धरली, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, "मी हे पिऊन नाई राहिलो, ध्यानात ठेवा. शत्रूचा माल जप्त करून राहिलो." त्यानंतर खोकला बरा झाला तरी काका रोज एक वाटी जप्त करून न्यायचे. नातवाचीही बंदी उठली.

* * *

माझं सूप स्वखुशीनं पिणारे रांगेत काका एकटेच, हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं की माझ्या पाळीच्या दिवशी सगळ्या वाट्या झटपट रिकाम्या व्हायच्या. बेबीच्या पाळीला मुलं रेंगाळत, चाटूनपुसून प्यायची, भांडायची, आणखी मागायची. माझ्या पाळीला मात्र बसली की उठली. मी ह्यांना सांगायचे, "बघा, माझं सूप मुलं एका दमात संपवतात." मिनीचीही वाटी रिकामी दिसायची. मी हरखून गेले होते. रोज तिचा दंड दाबून बघायचे. दंड होता तसाच होता, पण मी मनाची समजूत घालायची की पोषण आधी हाडांत जातं आणि मग वर येतं.

एक दिवस बेबी व्हरांड्याच्या टोकाला तुळशीसमोर उभी राहून मला हाका मारू लागली. आमची तुळस आधी काडीसारखी होती. आता ती कंबरेएवढी झाली होती, पानं हाताच्या अंगठ्याएवढी, खोड जाडजूड. कुंडीतल्या मातीवर फरसबीचे तुकडे आणि गाजराचे काप पडले होते.

बेबी म्हणाली, "वहिनी, तुमच्या सुपात ताकद हाय वं. पाहा तुळस कशी अंगानं भरली."

मी मिनीला विचारलं, "तूसुद्धा इथंच ओततेस?"

मिनी प्रामाणिक मुलगी. म्हणाली, "मी सगळ्यात आधी ओतते."

नंतर मला कळलं की बेबी तिच्या पाळीला कॉर्नफ्लॉवरच्या जागी ज्वारीचं पीठ लावायची, लसणाची फोडणी द्यायची आणि वरून मूठभर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, भुरभुरायची. मी तिला म्हटलं, "अगं, मग ते चायनीज कुठं राहिलं?" ती म्हणाली, "सोया सॉस टाकतो न मी. बोटाच्या टोकाएवढा." मी रागावले, अध्यक्ष म्हणून समज दिली आणि घरी येऊन दार लावून बसले. मिनी बेबीचंही सूप चार घोटांपलीकडे पीत नव्हती, एवढाच काय तो मला आधार होता. असा आधार आईला वाटावा याची नंतर मलाच लाज वाटली.

* * *

मग माझ्या डोक्यात आलं की कदाचित बाईंनीच चुकीचं शिकवलं असेल. खरं चायनीज सूप वेगळं असेल. हे कुणाला विचारायचं? बर्डीजवळ एक चिनी दातांचे डॉक्टर होते. ह्यांची एक दाढ त्यांनी काढली होती, एवढ्या ओळखीवर मी डब्यात सूप भरून त्यांच्याकडे गेले. हे बरोबर यायला तयार नव्हते. म्हणाले, "दुसरी दाढ दुखायची वाट पाहू, मग जाऊ." मी थांबले नाही.

डॉक्टरांच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलेला. मी संकोचत सगळं सांगितलं. मुलगी जेवत नाही, सासूबाई घेऊन जाणार आहेत, हे सूप बरोबर आहे का तेवढं सांगा. डॉक्टरांनी हात धुतले, डब्याचं झाकण काढलं, एक चमचा घेतला, डोळे मिटले. मी श्वास धरून उभी. खुर्चीतला पेशंटही तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

डॉक्टरांनी आणखी एक चमचा घेतला. मग अस्सल नागपुरीत म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. माझा जन्म इथलाच आहे. मी चीन पाह्यलं नाही. पण यात थोडा सावजी मसाला पायजे."

मी डब्याचं झाकण लावलं. त्यांना माझी दया आली असावी. मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "माझी आई पण सूप करायची. मी लहानपणी पळून शेजारी वरण-भात खायला जात होतो. तुमची पोरगी पळते का?"

"नाही. तेवढी ताकद नाही तिला," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. मग म्हणाले, "होईल, वहिनी. पळेल." तो डबा घेऊन मी पायीच घरी आले.

* * *

दिवाळी तोंडावर आली तसं माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मिनी पुढे आणि वाटी घेऊन मी मागे, अशा आम्ही व्हरांडाभर फिरायचो. 'हा घोट चिऊचा, हा घोट काऊचा' करून बघितलं. मिनीनं विचारलं, "चिऊ सूप पिते?" मी म्हटलं, "चिनी चिऊ पिते." ती म्हणाली, "मग तिला दे." शेवटी कुणीतरी सांगितलं की चिनी मुलं दोन काड्यांनी खातात, मुलांना ती गंमत वाटते. काड्या कुठून आणायच्या? मी स्वेटर विणायच्या सुया उकळून घेतल्या. मिनीच्या हातात दोन सुया आणि समोर पातळ सूप. हे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हिला प्यायचं आहे की विणायचं?"

भाऊबीज झाली आणि सासूबाई आल्या. लाडू, चकल्या, चहा काही न घेता त्यांनी आधी मिनीचा दंड बघितला. मी शेवटचा उपाय म्हणून सूप समोर ठेवलं. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं सूप होतं ते, गाठी नाहीत, रंग सुरेख, वर कोबीचे लांब लांब काप. सासूबाईंनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि अगदी काळजीनं विचारलं, "डाळ टाकाची राहिली का वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिनीचे फ्रॉक भरले. हट्टानं सोया सॉसची बाटली आणि कॉर्नफ्लॉवरचा डबाही भरला. सासूबाईंनी बाटली उजेडात धरून बघितली, नाक मुरडलं आणि पिशवीच्या तळाशी टाकली. बस निघताना मिनी रडली नाही. ती खिडकीतून हात हलवत होती. रडले ती मी, तीही स्टँडवर, सगळ्यांसमोर. ह्यांनी रुमाल दिला आणि बराच वेळ काही विनोद केला नाही, त्यावरून त्यांचीही अवस्था मला कळली.

त्यानंतर मी कुकर माळ्यावर टाकला. पाळीच्या दिवशी मुलं वाट्या घेऊन आली की बेबी त्यांना आपल्याकडे न्यायची. घरात बोलायला विषय उरला नव्हता. छतावरचा डाग दिसला की मिनीची टाळी आठवायची आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

* * *

शेवटी मला राहवेना. म्हटलं, अंगानं भरो की न भरो, माझी मुलगी मी घेऊन येते. आणि ती तिथं खुशाल भरली असेल तर मी काय तोंड दाखवणार, हेही मनात होतंच. ह्यांना न सांगता सकाळची बस धरली आणि सावनेरवरून खाप्याला उतरले. रस्ताभर मी सासूबाईंशी मनातल्या मनात भांडत होते. दोन-तीन भांडणं मी जिंकलीही.

आमचं घर गल्लीच्या टोकाला. गल्ली रिकामी होती, ओसरीही रिकामी. आणि आतून शिट्टी ऐकू आली.

मी जागीच उभी राहिले. या घरात कुकर नव्हता. सासूबाईंचा त्या यंत्रावर विश्वासच नव्हता. ह्यांनी एकदा आणलेला कुकर त्यांनी परत पाठवला होता, 'घरात बॉम्ब नको' म्हणून. पुन्हा शिट्टी झाली. ऐकायला विचित्र. सुरुवात जोरात, मग मध्येच बारीक झाली, थांबली, आणि पुन्हा निघाली.

मी चपला काढून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

चुलीवर पितळी गंज होता, म्हणजे आपलं उभट पातेलं, वर साधं ताट झाकलेलं. लसणाच्या फोडणीचा आणि सांभाराचा वास येत होता, आणि त्यांच्या मागे कुठेतरी दबून माझा सोया सॉसही होता. चुलीभोवती गल्लीतली सगळी मुलं मांडी घालून, वाट्या पुढ्यात घेऊन बसलेली. मध्ये आमची मिनी. फ्रॉक पोटावर ताणलेला, गाल चुलीच्या धगीनं लाल. एका पोरानं वाटी पुढे केली तशी तिनं त्याच्या हातावर फटका दिला. "थांब न. अजून शिट्टी बाकी हाय. शिट्टी झाल्याबिगर सूप होत नाई."

आणि चुलीसमोर पाटावर माझ्या सासूबाई. ज्यांच्यापुढे सासरे विडी विझवायचे त्या. बाईनं शिट्टी वाजवणं सोडाच, भांडं मोठ्यानं ठेवलेलंही ज्या घरात चालत नसे, त्या घराच्या मालकीण. लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, गाल टम्म फुगवलेले, ओठांचा चंबू केलेला, आणि गंजाकडे तोंड करून त्या जीव खाऊन शिट्टी मारत होत्या.

शिट्टी संपली. मिनी म्हणाली, "आजी, एक राहिली."

सासूबाईंनी दम घ्यायला मान वळवली आणि दारात त्यांना मी दिसले. मला वाटलं, आता त्या उठतील, पदर सावरतील, मला काहीतरी बोलतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"उभी काय राहिली वं दारात? लेकरं भुकेली हायेत अन् माहा दम सरला. ये, बस इथं. उरलेली तू मार."